पॉवर प्रेसच्या तक्त्यात २० चे ४ कसे होतात?

पाळीप्रमुख (धागाकर्ता) | २४ फेब्रुवारी, रात्री १०.४०

नमस्कार. चाकण पट्ट्यातील एका प्रेस शॉपमध्ये मी पाळीप्रमुख आहे. आमच्याकडे पत्रा दाबून कापणारे वा त्याला आकार देणारे लहानमोठे अकरा पॉवर प्रेस असून त्यांपैकी आठ जुने, पिन क्लचचे आणि पायडलवर चालणारे आहेत. ज्या मोठ्या कंपनीला आम्ही पत्र्याचे सुटे भाग पुरवतो तिचे ऑडिट मार्चच्या पहिल्या आठवड्यात आहे, आणि त्यासाठी प्रत्येक यंत्राच्या धोक्यांचे मूल्यमापन लेखी हवे आहे. सल्लागाराने एक तयार तक्ता पाठवला आहे. त्यातील प्रेसची ओळ जशीच्या तशी देतो (डाय म्हणजे प्रेसमधला साचा).

धोका: हात डायमध्ये अडकणे. तीव्रता ५, शक्यता ४, गुणाकार २०, रंग लाल. नियंत्रण: हातमोजे, प्रशिक्षण, सूचनाफलक. नियंत्रणानंतर तीव्रता २, शक्यता २, गुणाकार ४, रंग हिरवा.

तक्त्याच्या तळाशी ‘मूल्यमापन करणारा’ या शब्दांपुढे सहीची जागा आहे आणि ती सही माझी हवी आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या एका कंत्राटी कामगाराची तर्जनी आणि मधले बोट अशाच एका प्रेसवर गेले. त्या वेळी त्याच्या हातात हातमोजे होते, त्याचे प्रशिक्षण झाल्याची नोंद होती, आणि सूचनाफलक त्याच्या डोक्यावरच टांगलेला होता. मग २० चे ४ कोणत्या हिशोबाने झाले, आणि ही ओळ प्रामाणिकपणे भरायची तर तीत काय लिहावे, हे जाणकारांनी सांगावे.

रिकामटेकडा | २४ फेब्रुवारी, रात्री ११.०५

हातमोज्यामुळे तुटलेली बोटे एकत्र राहतात आणि शोधावी लागत नाहीत, एवढाच उपयोग मला दिसतो. त्याला गुण द्यायचे असतील तर अवश्य द्यावेत.

फिटरकाका | २५ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

रिकामटेकडा, विनोद कडू आहे, पण मुद्दा चुकीचा नाही. मी ३६ वर्षे प्रेसची देखभाल केली, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

हातमोजे प्रेसवर लागतात, पण ते पत्र्याच्या धारेसाठी. कापलेल्या पत्र्याच्या कडेला बर, म्हणजे धारदार कंगोरा, असतो, तो दिवसभर तळहात सोलून काढतो, आणि त्यावर मोजा हा योग्य उपाय आहे. तुमच्या सल्लागाराने दोन वेगळे धोके एका ओळीत कोंबले आणि धारेचा उपाय डायला लावला. तीव्रता ५ ची २ व्हायची असेल तर रॅम, म्हणजे प्रेसचा वरून खाली येणारा भाग, तेवढ्या जोराने खाली येता कामा नये. मोजा घातल्याने ६३ टनांचा प्रेस काही २५ टनांचा होत नाही. उलट ड्रिल मशिनवर मोजा घातला, तर फिरत्या ड्रिलमध्ये धागा गुंतून मनगटापर्यंतचा हात आत ओढला जातो. म्हणजे ‘हातमोजे’ हा शब्द सगळ्या यंत्रांच्या ओळीत चिकटवणारा माणूस शॉपमध्ये उतरलेलाच नाही, असे मी समजतो.

आता पिन क्लचविषयी. पायडल दाबले की पिन सतत फिरणाऱ्या जड चाकाशी, म्हणजे फ्लायव्हीलशी, जुळते आणि रॅम पूर्ण फेरा मारूनच वर येऊन थांबतो. मध्येच थांबवण्याची सोय त्यात मुळातच नाही. पिन बाहेर काढणाऱ्या खटक्याची स्प्रिंग थकली किंवा पिनचा कोपरा घासून गोल झाला, की कोणाचा पाय पायडलवर नसतानाही दुसरा स्ट्रोक पडतो. आम्ही त्याला ‘डबल पडणे’ म्हणत असू. भोसरीतील एका कारखान्यात असताना एका ऑपरेटरने मला तीन दिवस सांगितले की चार नंबरचा प्रेस अधूनमधून डबल पडतो. मी रविवारी बघतो म्हणालो. शनिवारी त्याचा अंगठा गेला. स्प्रिंग उघडून पाहिली तेव्हा ती एका बाजूने तुटून दुसऱ्या वेटोळ्यात अडकलेली होती, म्हणून कधी ओढायची आणि कधी नाही. त्यानंतर प्रत्येक सोमवारी पाळी सुरू होण्यापूर्वी रिकाम्या डायवर पन्नास स्ट्रोक मारून बघण्याचा नेम मी निवृत्त होईपर्यंत पाळला. तुमच्या तक्त्यात ‘डबल पडणे’ ही ओळ आहे का?

लघुउद्योजक | २५ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

माझा स्वतःचा बारा माणसांचा प्रेस शॉप आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. मी गेल्या वर्षी चार प्रेसना जाळीचे गार्ड बसवले आणि ते रंगवून घेतले. महिनाभरात तीन गार्ड भिंतीला टेकवलेले सापडले. कामगारच ते काढतात, कारण गार्डमुळे हात अडतो आणि नगसंख्या कमी होते. मालक चोवीस तास प्रेसजवळ उभा राहू शकत नाही. शिवाय मोठ्या कंपन्या दर वर्षी आमच्याकडून भाव कमी करून घेतात आणि त्याच तोंडाने सुरक्षिततेचा तक्ता मागतात. तो खर्च कोणी उचलायचा, हे त्या तक्त्याच्या कोणत्याच रकान्यात नसते.

प्रेसवरचा | २५ फेब्रुवारी, दुपारी १.१५

लघुउद्योजक साहेब, गार्ड कामगार काढतात हे खरे आहे. मी स्वतः काढलेला आहे. पण चार बोल्टचा गार्ड काढायला सतरा नंबरचा पाना लागतो, आणि तो पाना आमच्याकडे नसतो, डाय बसवणाऱ्या सेटरकडे असतो. सेटरला पाना द्यायला कोण सांगतो, हे आपल्याला माहीत असेलच.

हात आत का जातो, तेही सांगतो, कारण तक्ता भरणारे हे विचारत नाहीत. तेल लावलेला लहान जॉब, म्हणजे तयार झालेला नग, पंच (डायचा वरचा भाग) वर जाताना डायला चिकटून राहतो. तो नखाने उचलावा लागतो. पाय पायडलवरच असतो, कारण प्रत्येक नगाला पाय उचलला तर तासाला सातशे नग निघत नाहीत. उजव्या हाताने जॉब काढायचा, डाव्याने नवा पत्रा ठेवायचा, पायाने दाबायचे. पहिले दोन तास तिन्हींचा मेळ बसतो. जेवणानंतर पाय हाताच्या आधी चालायला लागतो.

जॉब स्वतःहून सुटला असता तर माझा हात आत जाण्याचे कारणच नव्हते.

पाळीप्रमुख | २५ फेब्रुवारी, दुपारी २.००

प्रेसवरचा, आपल्या शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ थांबलो. आमच्या त्या मुलाचाही जॉब चिकटला होता. अपघाताच्या अहवालात मात्र ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे लिहून विषय संपवला गेला. तो अहवाल लिहिणाऱ्यांत मीही होतो.

ऑटोमेशनप्रेमी | २५ फेब्रुवारी, दुपारी ४.२०

एवढी चर्चा कशासाठी, हे मला समजत नाही. सर्व प्रेसना लाइट कर्टन लावावेत. हात किरणांच्या आड आला की प्रेस थांबतो, आणि हल्ली त्यांची किंमतही आवाक्यात आली आहे.

फिटरकाका | २५ फेब्रुवारी, सायंकाळी ५.०५

ऑटोमेशनप्रेमी, वर लिहिलेले पुन्हा वाचावे. पिन क्लचचा प्रेस मध्येच थांबत नाही. किरण तुटल्याचे लाइट कर्टनला समजेल, पण ते सांगणार कोणाला? पिन बसलेली असते आणि फ्लायव्हील आपला फेरा पूर्ण करते. लाइट कर्टन लावायचा तर आधी हवेवर चालणारा, फेऱ्यात मध्येच सोडता येणारा फ्रिक्शन क्लच आणि ब्रेक हवा. मी असे कर्टन पिन क्लचवर लावलेले पाहिले आहेत. दिवा हिरव्याचा लाल होतो, ऑडिटर खूश होतो, आणि कामगाराला वाटते की आता हात घातला तरी चालेल. काहीच नसलेल्या प्रेसपेक्षा मला त्या प्रेसची जास्त भीती वाटते.

मिडलंड्सकर | २५ फेब्रुवारी, रात्री ९.४५

काकांशी पूर्ण सहमत. मी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ एका प्रेस शॉपमध्ये अभियंता आहे. फ्रिक्शन क्लच असला तरी कर्टन कुठेही लावून चालत नाही. आम्ही आधी प्रेस थांबायला किती वेळ घेतो ते मोजतो. हाताचा वेग सेकंदाला २००० मिलिमीटर धरला आणि प्रेस थांबायला ०.२ सेकंद लागत असतील, तर कर्टन आणि डाय यांच्यात तेवढ्यानेच ४०० मिलिमीटर अंतर ठेवावे लागते, आणि किरणांमधील फटीनुसार त्यात आणखी भर पडते. ब्रेकचे लायनिंग झिजले की थांबण्याचा वेळ वाढतो, म्हणून हे मोजमाप पुन्हा पुन्हा करावे लागते.

येथे १९९८ च्या यंत्रसामग्रीविषयक नियमांत पॉवर प्रेससाठी स्वतंत्र प्रकरण आहे. डाय बसवल्यावर किंवा हलवल्यावर, तसेच प्रत्येक पाळीच्या पहिल्या चार तासांत, नेमलेल्या व्यक्तीने गार्ड तपासून सही करावी लागते. केवळ पक्के गार्ड असलेल्या प्रेसची संपूर्ण तपासणी १२ महिन्यांनी होते आणि बाकीच्यांची ६ महिन्यांनी. त्याच नियमांत उपायांचा क्रमही ठरवून दिला आहे: प्रथम पक्का गार्ड, ते शक्य नसेल तर इतर प्रकारचे गार्ड, मग चिमटे वा पकडी, आणि सर्वांत शेवटी माहिती आणि प्रशिक्षण. पाळीप्रमुखांचा तक्ता थेट शेवटच्या पायरीवर जाऊन बसला आहे.

मात्र येथे सगळे आलबेल आहे असा समज करून घेऊ नये. तयार तक्त्यात फक्त कंपनीचे नाव बदलून देणारे सल्लागार येथेही मुबलक आहेत. एकदा आमच्या प्रेस शॉपच्या तक्त्यात शिडीवरून पडण्याचा धोका सविस्तर वर्णिलेला होता. आमच्याकडे शिडीच नव्हती.

रिकामटेकडा | २५ फेब्रुवारी, रात्री १०.१०

म्हणजे तो धोका संपूर्णपणे नियंत्रित होता, हे मान्य करावे लागेल.

वकीलताई | २६ फेब्रुवारी, सकाळी ११.००

कायद्याची बाजू थोडक्यात मांडते. नव्या श्रम संहितांमुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण कारखान्यांत अजून जुनेच क्रमांक तोंडी असल्यामुळे त्यांचाच उल्लेख करते. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ नुसार यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम कुंपण हवे, आणि यंत्र चालू असताना ते जागच्या जागी असले पाहिजे. गार्ड बसवला होता एवढे पुरत नाही. लघुउद्योजकांचे भिंतीला टेकवलेले गार्ड या कलमाच्या दृष्टीने नसल्यासारखेच आहेत.

कामगाराने जाणूनबुजून गार्ड काढला, तर १९२३ च्या भरपाई कायद्यानुसार मालक काही प्रकरणांत भरपाई नाकारू शकतो, हे खरे आहे. परंतु मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास हा बचाव चालत नाही, आणि इतर प्रकरणांतही काढणे जाणूनबुजून होते हे सिद्ध करावे लागते. ‘प्रेसवरचा’ यांनी सांगितलेला सेटरचा पाना साक्षीपुराव्यात आला, तर ते सिद्ध करणे मालकाला जड जाईल.

त्याच कायद्याच्या परिशिष्टात अवयवांची एक यादी आहे. अंगठा गेल्यास कमावण्याची क्षमता ३० टक्के घटली असे धरतात, संपूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के, मधले बोट १२ टक्के, आणि एका हाताची चार बोटे गेल्यास ५० टक्के. पहिल्यांदा ती यादी वाचली तेव्हा मी नकळत स्वतःच्या हाताकडे पाहिले होते. तीव्रतेच्या रकान्यात २ हा आकडा भरणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा वाचावी, कारण २ म्हणजे प्रथमोपचारावर भागणारी जखम, अशीच व्याख्या बहुतेक तक्त्यांच्या मागच्या पानावर छापलेली असते.

सहीविषयी: ज्या आकड्यांवर आपला विश्वास नाही त्यांखाली सही करू नये. उद्या अपघात झाला तर सल्लागाराचे नाव त्या कागदावर नसेल.

तळोजावासी | २६ फेब्रुवारी, दुपारी ३.३०

तीव्रतेबद्दल पुष्कळ बोलून झाले, म्हणून मी शक्यतेच्या रकान्याबद्दल लिहितो. मी रासायनिक कारखान्यात सांडपाणी प्रक्रिया विभागात आहे. आमच्या जुन्या तक्त्यात ‘गाळाच्या टाकीत उतरणे’ या कामापुढे शक्यता १ लिहिली होती, आणि कारण दिले होते की बारा वर्षांत एकही घटना घडलेली नाही. चौकशी केल्यावर कळले की त्या बारा वर्षांत टाकीत माणूस तीनच वेळा उतरला होता, आणि त्यातही एकदा टाकी नुकतीच धुतलेली होती.

हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचतो. सुरुवातीला कुजक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच मरते आणि आता हवा बरी झाली असे वाटू लागते. पहिला माणूस कोसळतो, दुसरा त्याला काढायला उतरतो, आणि तिसरा त्या दोघांना. आम्ही आता शक्यता ठरवताना मागे काय घडले याबरोबरच माणूस धोक्याच्या जागी किती वेळा जातो तेही मोजतो. टाकीत तो चार वर्षांतून एकदा जात होता. प्रेसवर तासाला सातशे वेळा जातो, असे वर लिहिलेच आहे.

ईएसआयमधली सिस्टर | २६ फेब्रुवारी, रात्री ८.५०

कामगार विमा रुग्णालयात माझी १९ वर्षे नोकरी झाली आहे. धाग्याच्या विषयात बसते म्हणून एक गोष्ट लिहिते, कारण नियंत्रणाच्या रकान्यात प्रथमोपचार लिहिलेला असतो आणि तो कसा करावा हे शॉपमध्ये कोणालाच ठाऊक नसते. तुटलेले बोट थेट बर्फात किंवा नुसत्या पाण्यात टाकून आणतात, आणि त्याने पेशी खराब होतात. बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळावे, ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड बंद करावे, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरून हात उंच ठेवावा आणि वेळ न घालवता निघावे.

तरीही सांगते, प्रेसमध्ये गेलेले बोट बहुधा चिरडलेले असते आणि ते परत जोडण्यासारखे क्वचितच उरते. पहिल्या दिवशी मुले विचारतात की बोट बसेल का, आणि दुसऱ्या दिवशी विचारतात की कामावर परत घेतील का.

आणखी एक निरीक्षण आहे. दोन दिवसांहून अधिक काम बंद राहिले तर अपघात कळवावा लागतो, म्हणून पट्टी बांधलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी बोलावून कार्यालयात बसवतात. तुमच्या तक्त्यातील शक्यता अशानेही कमी होते.

लघुउद्योजक | २७ फेब्रुवारी, सकाळी १०.१५

पान्याचा मुद्दा मनाला लागला, आणि खोटे कशाला बोलू, लागायलाच हवा होता. काल संध्याकाळी मी एका ऑपरेटरला सरळ विचारले की गार्ड कशामुळे अडतो. त्याने दाखवले की जाळीची खालची पट्टी तिरपी लागल्यामुळे पत्रा आत सरकवताना कोपरा अडकतो. पट्टी बारा मिलिमीटर वर घ्यायला हवी होती. वर्षभर मी शिस्तीवर भाषणे देत होतो.

फिटरकाका | २७ फेब्रुवारी, सकाळी १०.४०

पट्टी वर घेण्यापूर्वी त्या फटीतून बोट आत जाऊन डायपर्यंत पोहोचते का, ते काडी घालून पाहावे. बारा मिलिमीटरमध्ये बोट सहज शिरते. पत्र्याची जाडी दीड-दोन मिलिमीटर असेल, तर फट सहापेक्षा मोठी ठेवण्याचे कारण नाही. पट्टी वर घेऊ नका, सरळ करा.

पाळीप्रमुख | ३ मार्च, रात्री ११.२०

सर्वांचे मनापासून आभार. उशिरा लिहीत आहे, कारण मधले दिवस शॉपमध्येच गेले.

सल्लागाराचा तक्ता मी परत पाठवला. शनिवारी पूर्ण पाळी ‘प्रेसवरचा’ यांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक प्रेसजवळ अर्धा-अर्धा तास उभा राहिलो आणि हात आत का जातो एवढेच लिहून घेतले. आठ पिन क्लच प्रेसपैकी पाचांवर चिकटलेला जॉब हेच कारण निघाले. दोन ठिकाणी पत्रा डायमध्ये नीट बसवण्यासाठी हात आत जात होता. एका ठिकाणी कारणच सापडले नाही, तो मुलगा सवयीने हात घालत होता. फिटरकाकांची पन्नास स्ट्रोकची परीक्षा घेतली तेव्हा सात नंबर दोनदा डबल पडला. तो त्याच क्षणी बंद करून मेन स्विचला कुलूप लावले आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. उत्पादन व्यवस्थापक आणि माझ्यात त्यावरून बरीच वादावादी झाली, ती येथे लिहिण्यासारखी नाही.

ओळ आता अशी लिहिली आहे. तीव्रता ५, नियंत्रणानंतरही ५. आज केलेले उपाय: जॉब उडवण्यासाठी हवेची नळी तीन डायवर, चुंबकाचे चिमटे दोन प्रेसवर, सात नंबर बंद. शक्यता ४ ची ३ लिहिली, गुणाकार १५, रंग लालच. पुढचे उपाय: ज्या दोन जॉबची संख्या मोठी आहे त्यांच्यासाठी पट्टी आपोआप पुढे सरकवणारी डाय, म्हणजे हात आत नेण्याची गरजच राहणार नाही, उरलेल्या सहांना पक्के गार्ड, ऑपरेटरला विचारून. खर्चाचा अंदाज आणि मुदतही लिहिली आहे. हातमोजे वेगळ्या ओळीत, पत्र्याच्या धारेसमोर गेले. मालकांनी लाल रंग पाहून ऑडिटपुरता तरी पिवळा करा असे सुचवले. मी म्हणालो की तसे करायचे असेल तर सही तुमची घ्या. ते काही बोलले नाहीत, आणि तक्ता लालच गेला. ऑडिट परवा आहे.

वकीलताई | ४ मार्च, सकाळी ८.१०

मालकांनी पिवळा करायला सांगितल्याची तारीख आपल्या डायरीत लिहून ठेवावी.

रिकामटेकडा | ४ मार्च, सकाळी ८.३०

आज राष्ट्रीय सुरक्षा दिन आहे. आमच्याकडे सकाळी शपथ झाली, छातीला बिल्ले लावले, आणि खंडेनवमीनंतर प्रथमच सगळे गार्ड यंत्रांवर दिसले. फोटो काढून झाल्यावर ते कुठे गेले ते संध्याकाळी कळवतो.

प्रेसवरचा | ४ मार्च, दुपारी १.२०

पाळीप्रमुख, चिमटे प्रेसला साखळीने बांधू नका, साखळी डायमध्ये जाते. उजव्या हाताला खांद्याच्या उंचीवर हूक लावा. आणि चिमट्याने काम केल्यावर सातशेऐवजी किती नग निघतात ते मोजून टार्गेट बदलून घ्या, नाही तर आठवड्यात चिमटे खणात जातील.

पाळीप्रमुख | ४ मार्च, रात्री १०.३०

हूक आजच लावले. नग पाचशे ऐंशीच्या आसपास निघत आहेत. टार्गेटचा विषय उद्या काढणार आहे, ऑडिटर समोर असताना.

फिटरकाका | ४ मार्च, रात्री १०.५०

उत्तम. एक राहिले. डाय बदलताना तुमचा सेटर रॅमखाली ठोकळा लावतो का? आणि मोटर बंद केल्यावर फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहतो की लगेच हात घालतो? सात नंबरची दुरुस्ती होईल तेव्हा उभे राहून पाहा.

पाळीप्रमुख | ४ मार्च, रात्री ११.००

ठोकळा मी आजवर पाहिलेला नाही. उद्या सकाळी सेटरला विचारून लिहितो.